टीव्हीची ओएस बनवताय? आधी ॲपची यादी, होम स्क्रीन नंतर

छोट्या टीव्ही कंपनीत, सेट-टॉप बॉक्स बनवणाऱ्या स्टार्टअपमध्ये किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये 'स्मार्ट टीव्हीची ओएस (टीव्ही चालवणारी मूळ प्रणाली) डिझाइन करा' असं काम वाट्याला आलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून होम स्क्रीन काढायला बसतात. मी या कामातून गेलो आहे आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो: होम स्क्रीनला अजून वेळ आहे. कोणती ॲप द्यायची त्यावर चिप ठरते, चिप आणि ॲप मिळून ओएसचा पाया ठरवतात, आणि पायावरून परवाने ठरतात. हा क्रम चुकला तर मेन्यू देखणा होतो, पण लोकांना जे बघायचं आहे ते त्यात चालत नाही.

खालच्या पायऱ्या मुख्यतः अँड्रॉइडच्या पायावर काम करणाऱ्यांसाठी आहेत, कारण नवख्या टीमला तोच सहज मिळतो. रिमोट, मराठी अक्षरं आणि संमती यांबद्दलचं सगळं मात्र कोणत्याही पायाला लागू आहे.

१. एक घर डोळ्यांसमोर आणा आणि यादी लिहा

'भारतीय ग्राहक' असं डोक्यात धरून यादी करू नका. खरं घर धरा. समजा, साताऱ्याजवळच्या गावातलं घर आहे. ३२ इंची टीव्ही, केबल किंवा डीडी फ्री डिश, इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. संध्याकाळी मालिका, जेवताना बातम्या, दुपारी मुलांचं यूट्यूब. या घरासाठी यूट्यूब, जिओहॉटस्टार, झी५ आणि सोनीलिव्ह आलीच, कारण स्टार प्रवाह, झी मराठी आणि सोनी मराठी यांच्या मालिका तिथं आहेत. प्रसार भारतीचं वेव्ज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झालं. दूरदर्शन बघणाऱ्या घरात त्याचा विचार जरूर करा.

पण या घरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ॲप नाहीच. ती आहे एचडीएमआयला लावलेला केबलचा किंवा डिशचा बॉक्स. अशा घरात टीव्ही लावला की आधी चॅनेल लागला पाहिजे. म्हणून तुमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर 'सेट-टॉप बॉक्स' लिहा आणि टीव्ही सुरू होताना शेवटचं इनपुट आपोआप लागेल अशी सोय ठेवा.

यादीचे तीन भाग करा. पहिल्या भागात, जी नसतील तर गिऱ्हाईक टीव्ही परत आणेल अशी ॲप. दुसऱ्यात, असली तर चांगली अशी. तिसऱ्यात, समोरची कंपनी पैसे देते म्हणून घालायची ॲप. तिसरा भाग वेगळ्या कागदावर ठेवा. तो पहिल्यात मिसळला की पुढचे सगळे निर्णय वाकडे होतात.

२. प्रत्येक ॲपसमोर त्याची अट लिहा

इथं घाई करू नका, कारण नवखे सगळ्यात जास्त इथंच अडकतात.

पैसे घेऊन सिनेमे-मालिका दाखवणारी ॲप व्हिडिओ कुलूपबंद पाठवतात; या कुलपाला डीआरएम म्हणतात. अँड्रॉइडवर हे कुलूप बहुधा वाइडवाइन नावाच्या प्रणालीचं असतं. त्याचे दोन स्तर तुम्हाला रोज ऐकू येतील: एल१ आणि एल३. एल१ मध्ये कुलूप उघडण्याचं आणि व्हिडिओ उलगडण्याचं काम चिपच्या सुरक्षित कप्प्यात होतं. एल३ मध्ये ते साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. एल३ वर बहुतेक सेवा चित्राचा दर्जा उतरवतात. ४३ इंची पडद्यावर ते चित्र धुरकट दिसतं आणि दोष तुमच्या पॅनेलवर येतो.

एल१ नंतर सॉफ्टवेअर टाकून मिळवता येईल, या भरवशावर राहू नका. चिपमध्ये तशी सोय हवी, चिप देणाऱ्याचा सुरक्षित सॉफ्टवेअरचा भाग हवा आणि साधारणपणे कारखान्यातच प्रत्येक संचात त्याची स्वतंत्र किल्ली भरावी लागते. बोर्ड (चिप बसवलेली मुख्य सर्किटपट्टी) विकणारा 'एल१ आहे' म्हणाला तर तोंडी शब्दावर विसंबू नका. नमुना बोर्डवर डीआरएमची माहिती दाखवणारं ॲप टाकून स्वतः बघा.

नेटफ्लिक्ससारख्या काही सेवांना एवढंही पुरत नाही. त्या प्रत्येक मॉडेलची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देतात. मान्यता नसेल तर टीव्हीचं ॲप मिळतच नाही आणि कुणीतरी मोबाइलचं ॲप कोंबून बसवतं. ते रिमोटनं धड चालत नाही आणि चित्रही कमी दर्जाचं येतं. नेटफ्लिक्स तुमच्या यादीच्या पहिल्या भागात असेल तर त्याची मान्यता आधीच असलेला बोर्ड आणि सॉफ्टवेअर देणारा पुरवठादार शोधणं हाच छोट्या कंपनीसाठी व्यवहार्य मार्ग आहे.

प्रत्येक ॲपसमोर हे रकाने भरा: डीआरएमचा स्तर, कंपनीची मान्यता लागते का, कोणता व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ आवळून पाठवायची पद्धत), किती जागा, लॉगिन कसं होतं, करार कुणाशी. हा तक्ता भिंतीवर लावा. पुढच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तो लागणार आहे.

३. पाया निवडा

तुमच्यासमोरचे मार्ग साधारण असे आहेत.

गूगलचा परवाना घेऊन गूगल टीव्ही: प्ले स्टोअर मिळतो, ॲपचा प्रश्न बराचसा सुटतो. बदल्यात गूगलच्या चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि होम स्क्रीनवर तुमचं फारसं चालत नाही.

नुसतं एओएसपी, म्हणजे अँड्रॉइडचा खुला कोड: होम स्क्रीन पूर्ण तुमची, पण प्ले स्टोअर नाही. प्रत्येक ॲपसाठी त्या त्या कंपनीच्या दारात जावं लागतं.

दुसऱ्याची तयार ओएस: एलजीचं वेबओएस, सॅमसंगचं टायझन, हायसेन्सच्या घरातलं विडा. या तिन्ही दुसऱ्या ब्रँडनाही दिल्या जातात. भारतात जिओनं २०२५ मध्ये जिओ टेली ओएस आणली. कमी इंजिनिअर असलेल्या कंपनीनं हा मार्ग गांभीर्यानं तपासावा.

शिकण्यासाठी किंवा घरच्यापुरतं करायचं असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर लिब्रेइलेक ही हलकी ओएस टाकून कोडी हा मीडिया प्लेअर चालवा. आपल्या संग्रहातले व्हिडिओ, फोटो आणि गाणी यांसाठी ते उत्तम आहे. मात्र तिथं एल१ नाही, त्यामुळे पैसे भरून बघायच्या सेवा तिथं पूर्ण दर्जात चालतील ही अपेक्षा ठेवू नका.

भारतात एक गोष्ट अलीकडे बदलली आहे. अँड्रॉइड टीव्हीच्या करारांबाबत भारतीय स्पर्धा आयोगापुढे प्रकरण चाललं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यात तडजोड झाली, गूगलनं २०.२४ कोटी रुपये भरले आणि भारतातल्या स्मार्ट टीव्हींसाठी प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेसचा सुटा परवाना द्यायचं मान्य केलं. पूर्वी सगळी ॲप आणि ठरलेली मांडणी एकत्रच घ्यावी लागे. तुमचा पुरवठादार अजून जुन्याच अटी सांगत असेल तर त्याला हा आदेश दाखवा आणि कराराचा मसुदा वकिलाकडून वाचून घ्या.

४. चिप, रॅम, साठवण

चिप घेताना एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे चारही कोडेक हार्डवेअरमध्ये उलगडतात का ते विचारा. एव्ही१ नसलेला स्वस्त साठा गळ्यात मारायचा प्रयत्न होतो.

रॅम १ जीबी असेल तर यूट्यूबमधून झी५ मध्ये जाऊन परत येईपर्यंत यूट्यूब बंद पडलेलं असतं आणि सगळं पुन्हा लोड होतं. २ जीबीसाठी भांडा. साठवण ८ जीबी असली तर त्यातली मोठी जागा ओएसच खाते, म्हणून आधीपासून भरायची ॲप मोजकी ठेवा. बाकीच्यांचं फक्त चित्र दाखवा आणि दाबल्यावर डाउनलोड होऊ द्या.

५. कामाची हत्यारं जमवा

• अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला टीव्हीचा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारा नकली टीव्ही. सुरुवात इथूनच करा, बोर्डाची वाट बघू नका.
• एओएसपी बिल्ड करायचं (कोडमधून चालणारं सॉफ्टवेअर बनवायचं) तर लिनक्स मशिन. गूगलच्या सूचनेप्रमाणे ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी जागा लागते. ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवर हे होणार नाही.
• संगणकावरून अँड्रॉइडला आज्ञा देणारं एडीबी, आणि बोर्डला जोडायची सीरियल केबल. टीव्ही लोगोवरच अडकला की ही केबलच काय ते सांगते.
• नमुना बोर्ड किमान दोन. एक प्रयोगासाठी, दुसरा कायम चालू स्थितीतला.
• स्वस्त आणि महाग असे दोन रिमोट, जुना फुल एचडी टीव्ही, केबलचा बॉक्स आणि एक साउंडबार.
• गूगलची कंपॅटिबिलिटी चाचणी, म्हणजे सीटीएस. ती खुली आहे; परवाना घेणार नसाल तरी चालवा, कारण ॲप का कोसळतात ते तिच्यातून कळतं.

६. रिमोटपासून डिझाइन करा

आता होम स्क्रीन. पण आधी कागदावर फक्त सहा बटणं काढा: वर, खाली, डावं, उजवं, ओके, मागे. जे या सहांत होत नाही ते तुमच्या ओएसमध्ये नको. 'ओके दाबून धरा' असली युक्ती मुख्य कामासाठी अजिबात वापरू नका; ज्येष्ठ माणसांचं बोट कधी जास्त वेळ दाबलं जातं तर कधी कमी.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फोकस, म्हणजे आत्ता काय निवडलंय ते दाखवणारी चौकट. मी नेहमी घरातल्या आजीच्या हातात रिमोट देऊन तिच्या मागे उभा राहतो आणि तोंड बंद ठेवतो. बघायचं फक्त अंगठ्याकडे. अंगठा बटण दाबतो, आजी मान खाली घालून रिमोट बघते, मान वर करते, आणि मधल्या वेळात चौकट कुठं सरकली ते तिला सापडत नाही. निवडलेल्या चित्राचा रंग जरासा उजळतो एवढ्यानं भागत नाही. चौकट जाड हवी, चित्र थोडं मोठं व्हावं, आणि बाकीची चित्रं जराशी मंद व्हावीत. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, सोफ्यावर बसून दिसलं तरच ते बरोबर. लॅपटॉपच्या पडद्यावर या गोष्टीचा निकाल लावू नका.

'मागे' बटणाचा अर्थ सगळीकडे एकच ठेवा: एक पाऊल मागे, शेवटी होम. तिथं आणखी दाबलं तर काहीही होऊ नये.

पडद्याच्या चारी कडांना सुमारे ५ टक्के जागा रिकामी सोडा. जुने टीव्ही कडा कापतात आणि तुमच्या बॉक्सचं घड्याळ अर्धं गायब होतं.

एचडीएमआय सीईसी (एचडीएमआयच्या तारेतून एका उपकरणानं दुसऱ्याला आज्ञा द्यायची सोय) नीट चालवा म्हणजे एकाच रिमोटनं साउंडबारचा आवाज आणि डिशचा बॉक्स दोन्ही हलतील. प्रत्येक ब्रँडचं सीईसी थोडं वेगळं वागतं, म्हणून खऱ्या उपकरणांवर तपासणी करा. आणि एक मोजमाप कायम ठेवा: टीव्ही लावल्यापासून रोजची मालिका दिसेपर्यंत किती वेळा बटण दाबावं लागलं. प्रत्येक नव्या बांधणीत हा आकडा वाढला की डिझाइन परत पाठवा.

७. मराठी अक्षरं शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका

भाषांतर झालं म्हणजे मराठी झालं, असं समजणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत. खरा घोळ अक्षरांच्या मांडणीत असतो.

इंग्रजीसाठी केलेल्या डिझाइनमध्ये शीर्षकांना अक्षरांतर (दोन अक्षरांमधली जागा) वाढवलेलं असतं. देवनागरीला तेच लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे सुटे दिसतात. देवनागरीसाठी अक्षरांतर शून्य ठेवा. ओळीची उंची वाढवा. नाही तर 'र्की'चा रफार वर कापला जातो आणि 'द्धू'चा ऊकार खाली. लांब नाव तोडून पुढे तीन टिंबं देताना अक्षरं मोजून तोडलं तर जोडाक्षराच्या मधोमध सुरी चालते आणि पाय मोडलेलं अर्धं अक्षर उघडं पडतं. तोडायचं ते पूर्ण अक्षरगटावर.

फाँट म्हणून नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता घ्या, दोन्हींचा परवाना खुला आहे. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथं ल आणि श मराठी वळणाचे येतात. तपासणीसाठी माझं ठरलेलं वाक्य आहे: 'दुसऱ्या पर्वातल्या सर्व भागांची शृंखला'. यात 'ऱ्य' नीट जुळला, रफार जागेवर बसला आणि 'शृ' सुटला नाही, तर पुढं चला.

शोधपेटीत रिमोटनं देवनागरी टाइप करणं फार कष्टाचं आहे. बोलून शोधायची सोय द्या, आणि रोमन लिपीत 'natak' असं टाइप केलं तरी 'नाटक' सापडलं पाहिजे. लॉगिनसाठी पडद्यावर क्यूआर कोड दाखवा आणि बाकी सगळं फोनवर होऊ द्या.

८. ॲपची अंतिम निवड

आता दुसऱ्या पायरीचा तक्ता काढा आणि प्रत्येक ॲप बोर्डवर चालवून बघा. हे प्रश्न विचारा: फक्त बाणांनी सगळीकडे जाता येतं का? नेट तुटून परत आलं की व्हिडिओ तिथूनच सुरू होतो का? लॉगआउट सापडतं का? हॉटस्पॉटच्या वेगावर चित्र अडखळतं की दर्जा उतरवून चालू राहतं? शेवटचं अपडेट कधी आलं? अँड्रॉइड टीव्हीसाठी बनवलेल्या ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) लीनबॅक लाँचरची, म्हणजे टीव्हीच्या होम स्क्रीनवर दिसण्याची, नोंद असते आणि ३२० बाय १८० मापाचं बॅनर असतं. या दोन्ही नसतील तर ते बहुधा मोबाइलचं ॲप आहे, नाही म्हणा.

होम स्क्रीनवरची जागा विकली जाते आणि रिमोटवरची बटणंही विकली जातात. छोट्या कंपनीला या पैशाची गरज असते, हे मला मान्य आहे. पण पहिली ओळ बघणाऱ्याची ठेवा: त्याचं इनपुट, त्यानं शेवटचं पाहिलेलं, त्यानं निवडलेली ॲप. विकलेली जागा दुसऱ्या ओळीपासून. पैसे देऊन आलेलं ॲप काढून टाकता आलं पाहिजे, हे करारात लिहून घ्या. करार झाल्यावर ही अट कुणी घालू देत नाही.

९. किल्ल्या, अपडेट आणि गेलेली वीज

एओएसपीसोबत सही करायच्या चाचणीच्या किल्ल्या येतात. त्या जगजाहीर आहेत. बाजारात जाणारं सॉफ्टवेअर त्या किल्ल्यांनी सही केलेलं असेल तर कुणीही तुमच्या नावानं सिस्टीम ॲप बनवू शकतो. बिल्डच्या माहितीत 'टेस्ट-कीज' दिसलं तर माल थांबवा. स्वतःच्या किल्ल्या बनवा, दोन ठिकाणी बंदोबस्तात ठेवा. हरवल्या तर विकलेल्या टीव्हीला पुन्हा अपडेट देता येत नाही.

तयार सॉफ्टवेअर स्वस्तात घेताना विशेष जपा. बॅडबॉक्स २.० या प्रकरणात स्वस्त, विनाप्रमाणित अँड्रॉइड बॉक्समध्ये ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच घातक सॉफ्टवेअर असल्याचं उघड झालं आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं त्याबद्दल जाहीर इशारा दिला. पुरवठादाराकडून नुसती तयार इमेज (बनवून दिलेली पूर्ण ओएसची फाइल) घेऊ नका, सोर्स कोड मागा आणि स्वतः बिल्ड करा.

अपडेट ए/बी पद्धतीचं ठेवा: नवी आवृत्ती दुसऱ्या कप्प्यात बसते, ती सुरू झाली नाही तर टीव्ही जुन्यावर परत येतो. गावाकडं अपडेट चालू असताना वीज जाणं ही रोजची गोष्ट आहे. अपडेटच्या मध्येच प्लग काढून बघा, वेगवेगळ्या टप्प्यांवर. दुसरी चाचणी घड्याळाची. अनेक बोर्डांवर घड्याळाची बॅटरी नसते. वीज येते तेव्हा तारीख मागे गेलेली असते, सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि सगळी ॲप 'इंटरनेट नाही' म्हणतात. नेट जोडल्याबरोबर आधी वेळ दुरुस्त होईल आणि मग ॲप उघडतील, असा क्रम लावा.

१०. बघणाऱ्याची माहिती

पडद्यावर काय चाललंय ते ओळखून जाहिरातीसाठी पाठवणारी सोय पुरवठादार फुकट देऊ करतात. अमेरिकेत बघणाऱ्यांना न विचारता हे केल्याबद्दल विझिओ या टीव्ही कंपनीला २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले. ही सोय मुळात बंद असू द्या, आणि चालू करायची तर स्वच्छ मराठीत वेगळा प्रश्न विचारा. आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यात १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. टीव्ही सगळ्या घराचा असतो, समोर कोण बसलंय ते तुम्हाला कळत नाही, म्हणून सगळ्यांसाठीच कडक नियम लावणं सोपं आणि योग्य.

२०२१ च्या आयटी नियमांनुसार ओटीटी सेवांना यू/ए १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांसाठी कुलूप द्यावं लागतं. तुम्ही ओएसच्या पातळीवर एकच पिन द्या, म्हणजे पालकांना प्रत्येक ॲपमध्ये ते वेगळं शोधावं लागणार नाही.

११. कागदपत्रं

• बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या चाचणी अहवालासह.
• वायफाय आणि ब्लूटूथसाठी डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची) ईटीए ही उपकरण-मान्यता.
• बीईईचं (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) वीजबचतीचं तारांकित लेबल.
• ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांखाली सीपीसीबीकडं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं) उत्पादक म्हणून नोंदणी.
• एचडीएमआय, डॉल्बी आणि कोडेकचे परवाने. चिपच्या किमतीत यातलं काय धरलंय ते लेखी घ्या.
• ॲप कंपन्यांचे करार आणि मान्यतेची पत्रं, मॉडेलनिहाय.
• अँड्रॉइडच्या गाभ्यातला लिनक्स कर्नल जीपीएल या खुल्या परवान्याखाली येतो. त्याचा सोर्स कोड मागणाऱ्याला द्यायची व्यवस्था.

मॉड्यूल किंवा पॅनेल बदललं तर यातले काही कागद पुन्हा करावे लागतात. खरेदी विभागाला ही यादी आधीच द्या.

१२. विकण्याआधी घराघरांत ठेवा

काही संच ओळखीच्या घरांत ठेवा: एक केबलवाल्या घरात, एक हॉटस्पॉटवर, एक जिथं फक्त ज्येष्ठ माणसं आहेत तिथं. काही शिकवू नका, फोन नंबर मात्र देऊन ठेवा. फोन आला की तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. 'टीव्ही अडकला' म्हणजे कधी रॅम संपलेली असते, कधी फोकस हरवलेला असतो, तर कधी रिमोटची जोडणी तुटलेली असते. तिन्ही दुरुस्त्या वेगळ्या टीमकडं जातात, म्हणून लॉग (टीव्हीनं आपोआप ठेवलेल्या नोंदी) मागवण्याआधी विचारा: शेवटचं कोणतं बटण दाबलं होतं?